खंडेनवमीची केबल

बुधवार, ९ ऑक्टोबर २०१९. सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी बबिता सोनटक्के लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर फरशीवर बसून अकरा नंबरच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे स्क्रू काढत होती. डाव्या हाताशी स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी, उजव्या हाताशी शाळेतलं खोडरबर. समोर सहा रांगांत चोपन्न पडदे होते आणि चोपन्नही काळे होते. प्रत्येकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नव्हतं.

साडेदहाला परीक्षा होती. दहावीतल्या त्रेपन्न मुलामुलींमधून पुढच्या वर्षीच्या मोफत निवासी तुकडीसाठी निवड व्हायची होती. हदगावकडची मुलं आदल्या संध्याकाळीच येऊन वसतिगृहात उतरली होती. नायगाव आणि देवणीकडची पहाटेच्या एसटीने निघाली होती. परीक्षा कॉम्प्युटरवर, कारण इंजिनिअरिंगची खरी प्रवेश परीक्षाही आता कॉम्प्युटरवरच होते.

या कोचिंग क्लासचे चालक बापूसाहेब. वय बासष्ट, निवृत्त प्राध्यापक, आवाज कधी न चढवणारे. ऑगस्टमध्ये इन्व्हर्टर बंद पडल्यामुळे एक सराव परीक्षा दोन तास अडली, तेव्हा त्यांनी बबिताला बोलावून एवढंच सांगितलं होतं, “आणखी एकदा असं झालं तर ही लॅब दिवाळीनंतर बंद. मुलं नांदेडच्या सेंटरला नेऊ.” नांदेडच्या भाड्याच्या सेंटरचा करारनामा त्यांच्या टेबलाच्या खणात तयार होता. फक्त सही बाकी होती. लॅब बंद झाली तर शिक्षकांचं काही जाणार नव्हतं, क्लासचंही नाही. जाणार होती ती बबिताची जागा.

ती पस्तीस वर्षांची आहे. चार वर्षांपासून लॅब एकटी सांभाळते. ही यंत्रं २०१५ मध्ये हैदराबादेतल्या एका बंद पडलेल्या अॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थेकडून ट्रकमधून आली. चित्रांच्या कामासाठी घेतलेली असल्यामुळे प्रत्येकात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, आणि पडदा जोडायला दुसरी जागाच नव्हती. कार्ड चाललं तर पडदा, नाही तर अंधार. बबिताने सगळ्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवली. लिनक्ससोबत आपोआप येणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, या कार्डांवर अर्ध्या तासात अडकतो, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. तिने तो बंद केला आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर शोधून एकेका यंत्रावर घातला. त्याला एकवीस दिवस लागले. हे तिला आठवून सांगावं लागत नाही, रजिस्टरमध्ये आहे.

रजिस्टर म्हणजे लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही. सध्या चौथी चालू आहे. तारीख, वेळ, यंत्र क्रमांक, आधी काय होतं, काय केलं, नंतर काय झालं, असे सहा रकाने. माउस बदलला तरी नोंद. ही सवय नांदेडची. आयटीआयमधून कॉम्प्युटरचा ट्रेड करून ती एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागली, तेव्हा तिथे चन्नबसप्पा नावाचे प्रयोगशाळा सहायक होते, उदगीरकडचे. मराठीत मध्येच कानडी बोलायचे आणि रागावले की फक्त कानडी. त्यांचा नियम होता : आधी लिही, मग हात लाव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. बबिताने तो नियम अकरा वर्षं मोडलेला नव्हता, असं तिला त्या सकाळपर्यंत वाटत होतं.

त्या सकाळी वहीतली शेवटची नोंद होती २१ सप्टेंबरची : छत्तीस नंबरचा कीबोर्ड बदलला. त्यानंतर काही नाही. म्हणजे यंत्रांच्या आत कोणी काही बदललेलं नव्हतं. काही न बदलता चोपन्न यंत्रं एकदम आंधळी होत नाहीत. मग उरतो विजेचा झटका. २०१७ मध्ये तसं झालं होतं, अकरा यंत्रं एका दुपारी गेली होती. म्हणून ती कॅबिनेट उघडत होती. कार्ड काढायचं, त्याच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचं, परत बसवायचं, चालू करून बघायचं. सात चाळीसपर्यंत सहा यंत्रं झाली. सहाही काळीच.

याच वेळेला अंबरीश आला. हा क्लासचा को-ऑर्डिनेटर, एकोणतीस वर्षांचा, नांदेडचा, इंजिनिअर, जूनपासून इथे. दारातूनच त्याला सगळे पडदे दिसले.

“बबिता मॅडम, हे काय?”

“बघतेय सर.”

“सगळे?”

“सगळे.”

त्याने जवळच्या यंत्रावर वाकून पाहिलं. कॅबिनेटवर सोमवारच्या पूजेचं हळदीकुंकू वाळलेलं होतं, वर झेंडूचं एक सुकलेलं फूल. सुमनबाई मागच्या रांगेत झाडत होत्या. लॅब त्याच झाडतात, आणि सोमवारी, खंडेनवमीला, पूजेचं ताटही त्यांनीच मांडलं होतं.

“पाणी शिंपडलं होतं का यांच्यावर?” अंबरीशने विचारलं.

“कुणावर?” सुमनबाईंनी मान वर केली.

“मशिनींवर. पूजेच्या वेळी.”

सुमनबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. “सर, फुलानं शिंपडलं. फुलानं. तुमच्या गाडीवर तर तुम्ही तांब्याभर ओतलं. ती कशी चालून राहिली मग?”

“गाडीचं वेगळं असतं, बाई.”

“हाव, गाडी तुमची हाय ना. म्हणून वेगळं.”

“सर, सुमनबाईंचं काही न्हाई,” बबिता खालूनच म्हणाली. “पाणी आत गेलं असतं तर एक-दोन गेल्या असत्या. चोपन्न न्हाई जात.”

हे वाक्य बोलल्यावर ती थांबली. चोपन्न जात नाहीत, हे विजेच्या झटक्यालाही लागू होतं. २०१७ मध्येही चोपन्नपैकी अकराच गेली होती. तिने हातातलं कार्ड जागेवर बसवलं, स्क्रू वाटीतच राहू दिले, आणि आधीच उघडून पाहिलेलं अकरा नंबर चालू करून कीबोर्डवरच्या तीन कळा एकदम दाबल्या. या कळा चित्रांचा पडदा बाजूला ठेवून साध्या अक्षरांचा पडदा मागतात. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. यंत्र नाव आणि पासवर्ड विचारत होतं.

कार्ड जिवंत होतं. सगळी कार्डं जिवंत होती. वेळ आठ वाजून चार मिनिटं.

तिने आत शिरून यंत्राला एकच प्रश्न विचारला : सध्या कोणता कर्नल चालू आहे? कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. चन्नबसप्पा सांगायचे की गाभा आणि कार्ड यांची भाषा वेगळी असते, ड्रायव्हर हा दुभाषी, आणि गाभा बदलला की जुन्या दुभाष्याला नव्याची बोली कळेलच असं नाही. यंत्राने आकडा दिला. बबिताने वही उघडून २०१८ च्या जूनमधली नोंद काढली. वहीतला आकडा वेगळा होता.

तिने दोन्ही आकडे दोनदा वाचले. मग यंत्राच्या स्वतःच्या नोंदी उघडल्या. यंत्रंही वही ठेवतात आणि त्यांच्या वहीत पूजेअर्चेला सूट नसते. तिथे लिहिलेलं होतं : सोमवार, ७ ऑक्टोबर, अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. नवा कर्नल उतरवला. बसवला. खाली आणखी एक ओळ : ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधता आला नाही.

सोमवारी काय झालं होतं ते लॅबमधल्या तिघांनाही माहीत होतं. खंडेनवमीला मराठवाड्यात शेतकरी औतफाळ पुजतो, गवंडी थापी पुजतो, ड्रायव्हर ट्रक पुजतो. ट्यूशन एरियात कॉम्प्युटर पुजतात. यंत्र चालू ठेवूनच पूजा करायची, बंद यंत्राला कुंकू लावत नाहीत, अशी इथली रीत. यंदा अंबरीशने सुचवलं की सगळ्या पडद्यांवर तुळजाभवानीचा फोटो असावा. कल्पना सगळ्यांना आवडली. पण लॅबला इंटरनेट नाही. परीक्षेचा सर्व्हर लॅबमध्येच आहे आणि बाहेरचा रस्ता बबिताने मुद्दाम ठेवलेला नाही. पेनड्राइव्हने चोपन्न ठिकाणी फोटो टाकायला तास गेला असता, आणि मुहूर्त साडेअकराचा. तिने ऑफिसच्या राउटरची केबल आणून लॅबच्या नेटवर्क स्विचला, सगळी यंत्रं जिथे जोडलेली आहेत त्या डब्याला, जोडली. फोटो पाच मिनिटांत सगळीकडे आला. आरती झाली. पेढे वाटले.

पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. बबिताने लावला नाही. यंत्रं फुलांसकट चालू राहिली, केबलही राहिली. नवी आवृत्ती दिसली की आपणहून बसवून घ्यायची, ही लिनक्सची मूळची सवय तिने कधी बंद केली नव्हती, कारण यंत्रांना बाहेरचा रस्ताच नव्हता. सोमवारी तो सात तास होता. संध्याकाळी सहाला वॉचमनने नेहमीप्रमाणे मजल्याचा मेन स्विच पाडला. मंगळवारी दसऱ्याची सुट्टी. बुधवारी सकाळी यंत्रं नव्या गाभ्यावर उठली आणि त्यांना पडदा दिसला नाही.

वहीत यातलं काही नव्हतं. पूजा म्हणजे बदल, असं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

ती उठून स्विचपाशी गेली. निळी केबल तिथेच होती. तिने ती काढून गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

अंबरीशने तोपर्यंत मोबाइलवर शोधून काढलं होतं. “मॅडम, सापडलं. इथे एकाने लिहिलंय. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाकायचा, सगळा साफ, आणि सगळ्यात नवा घालायचा. तीन ओळींची कमांड आहे. सर्व्हरवरून सगळ्यांवर एकदम चालवा.”

“नवा ड्रायव्हर ही कार्डं ओळखत न्हाई, सर. कंपनीनं सोडून दिलीत ही.”

“पण याचं झालंय ना. खाली लोकांनी थँक्यू लिहिलंय.”

“त्यांचं कार्ड वेगळं असंल.”

“मॅडम, सव्वाआठ झालेत. करून तर बघा.”

“एकावर करते. सगळ्यांवर न्हाई.”

“एकेक करत बसलात तर मुलं इथेच म्हातारी होतील!”

तिने त्याचा मोबाइल हातात घेतला. जुना ड्रायव्हर काढून टाकणाऱ्या ओळीपर्यंत ती त्या पानावर वाचत गेली आणि मोबाइल त्याला परत दिला.

बबिताचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. तेरणेच्या काठावरचं जुनं गाव आता नाही. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडनंतर जे वसलं ते तीन किलोमीटर वर, सरळ रस्त्यांचं, क्रमांकाच्या घरांचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं आणि ती वडिलांसोबत ओट्यावर झोपली होती, म्हणून वाचली. आई, कावेरीबाई, आत होती. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर रचलेलं हातभर मातीचं छत. ते सगळं खाली बसलं. उजाडल्यावर आतून कावेरीबाईंचा आवाज येत होता. त्या पाणी मागत होत्या आणि पोरगी कुठं आहे ते विचारत होत्या. दोन्हींना बाहेरून उत्तर दिलं गेलं.

सहाच्या सुमारास चार माणसं जमली. ढिगाऱ्यात एक तुळई आडवी दिसत होती. ती निघाली की वाट होईल, असं सगळ्यांना वाटलं. ती निघाली. तिच्यावर तोललेली माती कुठून कुठे सरकली ते कोणाला दिसलं नाही. आवाज थांबला.

त्या चौघांत एक बबिताचे वडील होते. पिराजी सोनटक्के आज बहात्तर वर्षांचे आहेत आणि नव्या गावात एकटे राहतात. या विषयावर ते एवढंच बोलतात : “चौघांनी चार बाजूनं ओढलं. एकानं ओढलं असतं तर काय हलून राहिलं ते बाकीच्याला दिसलं असतं.”

बबिताला विचारलं की एका वेळी एकच बदल हा नियम तिथला का, तर ती नाही म्हणते. तो चन्नबसप्पा सरांचा. त्याचा याच्याशी काय संबंध?

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी तिने वहीत एक ओळ रिकामी सोडून नवीन ओळ सुरू केली. यंत्र क्रमांक १. ते बंद करून चालू केलं आणि सुरुवातीलाच शिफ्टची कळ दाबून धरली. यादी आली. लिनक्स नवा गाभा बसवतं तेव्हा आधीचा लगेच फेकून देत नाही. तो मागे ठेवतं. यादीत दुसऱ्या पानावर जुना आकडा होता, वहीतला. तिने तो निवडला. पडदा काळा झाला. अंबरीशने घड्याळ पाहिलं. मग पडदा उजळला आणि त्यावर तुळजाभवानीचा फोटो आला, सोमवारी ठेवलेला तसाच.

सुमनबाईंनी हात जोडले. “आई, तुझाच फोटो घ्यायला गेलो अन् तुझ्याच पायी झालं बघ.”

“आईनं काही न्हाई केलं,” बबिता म्हणाली. “केबल मी लावली.”

तिने यंत्राला सांगून ठेवलं की यापुढे उठताना हाच जुना गाभा धरायचा. आपोआप नवी आवृत्ती घेणंही बंद केलं. मग ते पुन्हा बंद केलं, आणि या वेळी कुठल्याही कळेला हात न लावता चालू होऊ दिलं. आलं. पुन्हा एकदा. आलं. आठ एकेचाळीस.

“झालं ना?” अंबरीश म्हणाला. “आता तरी सगळ्यांवर.”

“आता दुसऱ्या रांगेतलं एक.”

दहा नंबरवर तिने तेच केलं. दहा नंबरच्या यादीत मागचा आकडा वेगळा निघाला. दुसरी रांग तिने २०१७ च्या झटक्यानंतर नव्याने बसवली होती, तिचा जुना गाभा पहिल्या रांगेपेक्षा एक पायरी पुढचा होता. वहीत ते होतं. एकच हुकूम चोपन्न यंत्रांना दिला असता तर नऊ यंत्रांनी जो गाभा आपल्याकडे नाहीच त्याचं नाव शोधलं असतं. अंबरीशला ते यादी पाहताच कळलं. त्यानंतर त्याने घाई करणं बंद केलं. खुर्ची ओढून तो वही घेऊन बसला आणि कोणत्या रांगेचा आकडा कोणता ते वाचून दाखवू लागला.

तिसरी ते सहावी रांग तपासून दोघांनी आकडे पक्के केले तेव्हा नऊ वीस झाले होते. पडदे आंधळे असले तरी यंत्रं आतून एकमेकांना जोडलेली होती, त्यामुळे खाली बसून एकेक कीबोर्ड दाबायची गरज नव्हती. बबिता सर्व्हरवर बसली. एका रांगेला हुकूम द्यायचा, नऊ यंत्रं बंद होऊन उठेपर्यंत थांबायचं, नऊ पडदे डोळ्यांनी पाहायचे, वहीत लिहायचं, मग पुढची रांग. पहिली रांग नऊ तीसला झाली. दुसऱ्या रांगेत सतरा नंबर उठलं नाही. संध्याकाळी मेन स्विच पडला तेव्हा त्याचं बसवणं अर्ध्यावर होतं. आता त्याच्याकडे धड नवा गाभा नव्हता आणि जुन्याची यादीही मोडली होती. बबिताने त्यावर दोन मिनिटं घालवली, वहीत ‘१७ – बाजूला’ असं लिहिलं आणि पुढे गेली. चोपन्न यंत्रं, त्रेपन्न मुलं. राखीव एकच होतं. ते संपलं.

पावणेदहापासून मुलं जिन्यात जमू लागली. हातात डबे, पाण्याच्या बाटल्या, पारदर्शक पाकिटात ओळखपत्रं. सुमनबाईंनी दाराला आडवा बाक लावला होता.

“मावशी, आत बसू का?” एका मुलीने विचारलं.

“आत दसरा चालू हाय अजून. थांब जरा.”

“आमचा पेपर?”

“तुझा पेपर कुठं पळून न्हाई चालला. डबा खाऊन घे.”

दहाला बापूसाहेब आले. बाकाच्या बाहेर उभे राहिले. आत अर्धे पडदे देवीच्या फोटोने उजळलेले आणि अर्धे काळे होते.

“किती?” त्यांनी विचारलं.

“सव्वीस, सर.”

“साडेदहापर्यंत?”

“न्हाई होणार, सर. दहा पन्नासपर्यंत होतील.”

ते वळले. ऑफिसात न जाता जिन्यातल्या मुलांमध्ये जाऊन बसले. देवणीकडच्या एका मुलाला त्यांनी गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, आणि त्याच्या गावची देवणी गाय किती लिटर दूध देते ते विचारलं. मुलाने बरोबर सांगितलं.

पाचव्या रांगेत एकेचाळीस नंबर दुसऱ्या प्रयत्नात उठलं. सहावी रांग दहा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी पूर्ण झाली. मुलं आत गेली. सुमनबाईंनी सतरा नंबरच्या खुर्चीवर झेंडूची परडी ठेवली, कोणी बसू नये म्हणून. परीक्षा दहा बावन्नला सुरू झाली.

सव्वाअकरापर्यंत एकही पडदा गेला नाही. मग बबिताने कोपऱ्यातल्या टेबलावर वही उघडली. आजच्या नोंदी लिहून झाल्या होत्या, पण त्यांच्यावर, २१ सप्टेंबरच्या खाली, एक ओळ रिकामी होती. तिने त्या ओळीत मागची तारीख घातली. अंबरीश शेजारी उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, व्होल्टेज लिहा ना. बापूसाहेब आज वही मागणार. व्होल्टेज म्हटलं की संपलं. कोण बघायला येतंय?”

“पुढच्या टायमाला मीच येणार ना बघायला,” ती म्हणाली. “सकाळी पाऊण तास खोडरबर घासत बसले मी. का? वहीत ही ओळ नव्हती म्हणून.”

तिने लिहिलं : ‘७/१०/१९. स. ११.१०. सर्व यंत्रे. आधी : बाहेरचे नेट नाही. केले : ऑफिसची केबल स्विचला लावली, पूजेच्या फोटोसाठी. नंतर : काढली नाही. नोंद केली नाही. ब. सो.’

बापूसाहेबांनी खरंच वही मागितली. परीक्षा दुपारी दोनला संपल्यावर त्यांच्या केबिनमध्ये तिघं होते. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मग खालच्या आजच्या पंचावन्न ओळी वाचल्या. घाई केली नाही.

“पूजेची नोंद करायची असते का वहीत?”

“पूजेची न्हाई, सर. केबलची करायची असते.”

“फोटो मी मागितला होता, सर,” अंबरीश म्हणाला.

“फोटो कोणी मागितला ते मी विचारलेलं नाही.” त्यांनी पान उलटलं, परत आले. “साडेदहा म्हटलं होतं मी.”

“हो सर. दहा बावन्न झाले.”

“बावीस मिनिटं.”

“बावीस.”

खणात नांदेडचा करारनामा होता. त्यांनी खण उघडला, कागद वर काढला, तारीख पाहिली आणि परत ठेवला. फाडला नाही, सहीही केली नाही.

“मार्चपर्यंत लॅब राहू द्या,” ते म्हणाले. “मार्चला परत बघू. आणि स्विचच्या पेटीला कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे. माझ्याकडेही नको.”

वहीतल्या ७ ऑक्टोबरच्या ओळीपुढे त्यांनी सही केली. चार वह्यांत त्यांची ही पहिली सही आहे.

पिराजींचा फोन रोज दुपारी येतो. त्या दिवशी तिने तीनला उचलला.

“सकाळी का उचलला न्हाईस?”

“मशिनी बंद पडल्या व्हत्या, आबा.”

“किती?”

“चोपन्न.”

“एकदम?”

“पडल्या एकदम. उठवल्या रांगेरांगेनं. एक राहिली.”

पिराजींनी विचारलं, “तिकडं नळ आला का?” लातूरला पाणी त्या महिन्यात दहा दिवसांआड येत होतं. ती म्हणाली, शुक्रवारी येईल.

संध्याकाळी तिने कुलूप आणलं. स्विचची पेटी बंद करून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि तशी नोंद केली. सुमनबाईंनी कॅबिनेटांवरची फुलं गोळा करून परडीत भरली. हळदीकुंकू पुसू का विचारलं, तर बबिता म्हणाली, राहू द्या, ते बाहेरून आहे.

दारावर तक्ता लावलेला आहे. त्यानुसार उद्या, गुरुवार, १० ऑक्टोबरला लॅब सहा चाळीसला उघडेल आणि सात ते दहा बारावीच्या तुकडीची सराव परीक्षा होईल. नावं बावन्न आहेत. सतरा नंबर त्यात नाही. ते दहा वाजून पाच मिनिटांनी उघडलं जाईल आणि त्यासाठी वहीत एक ओळ रिकामी ठेवलेली आहे.